मागच्या गेटचा कॅमेरा, ४३० मीटर आणि फायबर: अनुभवी लोकांनी बोला

धायरीवाला | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, यंदा सोसायटीच्या कमिटीत मला बळंच घातलंय आणि "तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं" म्हणून कॅमेरे माझ्या गळ्यात पडलेत. मी अकाउंट्सचं सॉफ्टवेअर विकतो. असो.

आमची सोसायटी धायरीत, टेकडीच्या उतारावर. नऊ इमारती. पुढचं गेट खाली रस्त्याला, ऑफिस आणि रेकॉर्डर तिथेच. मागचं गेट वर. केबल ज्या वाटेने जाते ती वाट टेप लावून मोजली, ४३० मीटर भरली. एकूण ३८ कॅमेरे, त्यातले १४ वरच्या अंगाला. आधीच्या कंत्राटदाराने कंपाउंडच्या भिंतीवर दर ८०-९० मीटरला एक प्लास्टिकचा डबा ठोकून त्यात नेटवर्कचे स्विच बसवले आणि मध्ये कॅट-६ (नेटवर्कची तांब्याची केबल) ओढली. पाच वर्षं रडतखडत चाललं. यंदा मे महिन्यात वळवाच्या पावसात टेकडीवर कुठेतरी वीज पडली (आमच्यावर नाही) आणि चार स्विच, सहा कॅमेरे, रेकॉर्डरचा नेटवर्क पोर्ट एका दणक्यात गेले.

नवा माणूस म्हणतो फायबर टाका, म्हणजे तांब्याऐवजी प्रकाश नेणारी काचेची केबल. कोटेशन हातात आहे. आकडा इथे लिहीत नाही, आमचे खजिनदार हे संस्थळ वाचतात.

दुसरं दुखणं वेगळंच. क्लबहाऊसच्या गच्चीवर एक जुना फिरता कॅमेरा आहे, पीटीझेड. अॅनालॉग. ऑफिसपासून २६० मीटर. चित्रासाठी कोअॅक्स (केबल टीव्हीसारखी गोल वायर) आणि फिरवण्यासाठी दोन तारांची वेगळी जोडी. चित्रात आडवे काळपट पट्टे हळूहळू वर सरकत राहतात. जॉयस्टिक हलवली तर कधी फिरतो, कधी ढिम्म. एकदा फिरायला लागला तो थांबेचना, वॉचमनने शेवटी वीज काढली.

फायबर खरंच लागतं का? आणि हा फिरता कॅमेरा फायबरवर घेता येतो की भंगारात द्यायचा?

पेठी_पुणेकर | शनिवार, रात्री १०:३१

४३० मीटर? आमच्याकडे एवढ्यात तीन मानाचे गणपती आणि चार अमृततुल्य होतात. धागा रोचक आहे, चहा घेऊन बसतो.

शंकासुर | शनिवार, रात्री १०:५५

फायबर हे हल्ली प्रत्येक कंत्राटदाराचं रामबाण औषध झालंय. ४३० मीटर म्हणजे काही लोणावळा नव्हे. दोन गच्च्यांवर दोन रेडिओ बसवा, समोरासमोर दिसले की झालं. खणणं नाही, चेंबर नाही. किंवा आहेत ते स्विच बदला आणि सर्ज प्रोटेक्टर लावा.

पॅकेटवाली | रविवार, सकाळी ९:०५

धायरीवाला, मी नेटवर्कवर काम करते (हिंजवडी, त्यामुळे रविवारीच लिहायला वेळ मिळतो).

तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर. म्हणून तुमच्या आधीच्या माणसाला दर ८०-९० मीटरला स्विच बसवावा लागला. त्याची चूक एवढीच की त्याने माळ केली. पहिला मोती तुटला की पुढचे सगळे गळतात. शिवाय प्रत्येक डब्याला वीज हवी, म्हणजे चार डबे, चार अॅडॅप्टर, चार ठिकाणी पाणी शिरायची शक्यता. रेडिओही चालतो, शंकासुर चुकीचे नाहीत, पण उतारावर नऊ इमारती आणि झाडं आहेत, पावसाळ्यात फांद्या वाढल्या की मधली वाट बंद होते. आणि रेडिओसुद्धा गच्चीवरच बसणार, विजेच्या तोंडी.

फायबरने खालून वर एकच उडी मारायची. मागच्या गेटला एक पीओई स्विच, तिथून कॅमेऱ्यांपर्यंत १०० मीटरच्या आतली तांब्याची केबल. कॅमेऱ्याला डेटा आणि वीज एकाच वायरीतून. १४ कॅमेरे, प्रत्येकी साधारण १० वॅट धरा (रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की खप वाढतो), म्हणजे १४० वॅट. स्विच घेताना एकूण किती वॅट देऊ शकतो ते बघा, नुसते पोर्ट मोजू नका.

क्षमतेची चिंता सोडा. कॅमेऱ्यामागे सेकंदाला ४ मेगाबिट धरले तरी ३८ कॅमेऱ्यांचे १५२ होतात. फायबरच्या टोकाला प्रकाश पाठवणारं-घेणारं साधं एक गिगाबिटचं (१००० मेगाबिटचं) मॉड्यूल पुरून उरतं. "फायबर टाकलं की चित्र एकदम क्लिअर" असं कोटेशनमध्ये लिहिलं असेल तर त्या ओळीवर काट मारा. चित्र कॅमेऱ्यात बनतं, फायबर ते फक्त वाहून नेतं.

धायरीवाला | रविवार, सकाळी ९:४०

लिहिलंय. "क्रिस्टल क्लिअर." काट मारली.

जोडारी | रविवार, दुपारी १:२०

नमस्कार. मी स्प्लायसिंगचं, म्हणजे फायबर सांधायचं काम करतो, सतरा वर्षं झाली. पुणे, पिंपरी, चाकण सगळीकडे फिरून झालंय. पॅकेटवाली ताईंनी वरचं सांगितलं, मी जमिनीतलं सांगतो.

सिंगल मोडच (बारीक गाभ्याचं फायबर) घ्या. कोणी मल्टीमोड (जाड गाभ्याचं) स्वस्त म्हणून गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. सिंगल मोडच्या आतल्या गाभ्याची जाडी ९ मायक्रॉन, बाहेरची काच १२५. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे प्रकाश जातो ती वाट केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कोअर, म्हणजे केबलीतले काचेचे धागे, ६ लागत असतील तर १२ ची केबल टाका. केबलच्या भावात फरक थोडा, खणायच्या मजुरीत काहीच नाही. एक कोअर मेला तर दुसऱ्यावर उडी मारता येते. शिवाय तुमचा तो पीटीझेड आहेच, त्याला एक कोअर वेगळा द्या.

एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पाइपातून घ्या. आर्मर्ड म्हणजे पत्र्याचं कवच असलेली केबल टाकली म्हणून पाइप नको, असं सांगतात. पुण्यातली घूस बघितली नाही त्यांनी. आणि पाइपाची दोन्ही तोंडं फोमने बंद करा, नाहीतर पाऊस संपेपर्यंत पाइपात आख्खं कुटुंब राहायला येतं.

आर्मर्ड टाकली तर आणखी एक. फायबरमधून वीज जात नाही हे खरं, पण कवच लोखंडाचं आहे. ते दोन्ही टोकांना तसंच लोंबत सोडलं तर पडलेल्या विजेला तुम्ही आयतं दार दिलं. कवचाला नीट अर्थिंग द्या, उपकरणाच्या डब्यात उघडं आत आणू नका. मोठ्या कंपन्यांच्या कामातही हे विसरलेलं मी पाहिलंय.

वळणं. केबल कोपऱ्यावर ९० अंशात मोडायची नाही. केबलच्या जाडीच्या वीसपट त्रिज्या धरा, ओढताना तर नक्कीच. दोन्ही टोकांना आठ-दहा मीटरचं वेटोळं ठेवा. उद्या टोक तुटलं तर सांधायला माप उरलं पाहिजे.

सतरा वर्षांत फायबर आपणहून बिघडलेलं माझ्या पाहण्यात नाही. जेसीबी, घूस, नाहीतर टोकाला धूळ. आणि या तिघांत धूळ सगळ्यात जास्त.

शंकासुर | रविवार, दुपारी २:०२

एक मूलभूत शंका. फायबर वीज नेत नाही, मान्य. मग मागच्या गेटच्या स्विचला २३० व्होल्ट येणार कुठून? वायरीतूनच ना? मग पुढच्या वेळी पडलेली वीज त्या वायरीतून येणार. फायबरने केलं काय?

जुनी_तार | रविवार, दुपारी ४:१५

शंकासुरांचा प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नका.

वीज दूर पडली तरी जमिनीच्या दोन ठिकाणी क्षणभर वेगवेगळा दाब उभा राहतो. ४३० मीटर लांबीची तांब्याची तार त्या दोन ठिकाणांना जोडत असेल तर तो दाब तारेतून धावतो आणि दोन्ही टोकांची उपकरणं मारतो. धायरीवाल्यांचं झालं ते हेच. फायबर घातलं की तो पूल तुटतो. वर वीजवाहिनीतून आलेला झटका वरचा स्विच मारेल, पण ऑफिसातला रेकॉर्डर वाचेल. त्यासाठी वरच्या डब्यात सर्ज प्रोटेक्टर आणि त्याला खरा अर्थिंगचा खड्डा हवाच. पाइपाला गुंडाळलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे.

आता फिरत्या कॅमेऱ्याचं. माझं सगळं आयुष्य याच कामात गेलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

वर सरकणारे आडवे पट्टे म्हणजे कॅमेरा बिघडला असं नाही. क्लबहाऊसचं अर्थिंग वेगळं, ऑफिसचं वेगळं, आणि कोअॅक्सची बाहेरची जाळी दोघांना जोडते. त्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि चित्रावर स्वार होतो. लोक कॅमेरे बदलतात, रेकॉर्डर बदलतात, पट्टे तसेच राहतात. कारखान्यांतून एके काळी कॅमेऱ्यांसाठी फायबर आलं ते अंतरापेक्षा या पट्ट्यांपायी. वेल्डिंगच्या यंत्राशेजारून कोअॅक्स न्या, मग कळतं.

फायबरवर हा कॅमेरा येतो, आणि सरळ येतो. त्यासाठी व्हिडिओ-डेटा कन्व्हर्टरची जोडी मिळते. कॅमेऱ्याकडच्या डब्यात चित्राचे आकडे होतात, दाबून लहान न करता, जसेच्या तसे. एका साध्या अॅनालॉग चित्राचे सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वर होतात. काचेला ते काहीच नाही. ते एका तरंगलांबीवर, म्हणा १३१० नॅनोमीटर, ऑफिसकडे येतात. आणि ऑफिसातून फिरवण्याचे हुकूम १५५० वर उलट दिशेने जातात. एकाच कोअरमधून, एकाच वेळी, एकमेकांना न धडकता. मी पहिल्यांदा हे चालताना बघितलं तेव्हा कोअर हातात धरून बसलो होतो, काहीतरी जाणवेल म्हणून. अर्थात काही जाणवत नाही. (आणि कोअरच्या तोंडात डोळा घालून बघू नका. हा प्रकाश दिसत नाही, डोळ्याला इजा मात्र करू शकतो.)

आता ते न थांबणारं फिरणं. जुने कॅमेरे बहुतेक पेल्को-डी भाषेत बोलतात. एक हुकूम म्हणजे सात बाइट. पहिला कायम एफएफ (म्हणजे २५५), दुसरा कॅमेऱ्याचा पत्ता, मग दोन हुकमाचे, दोन वेगाचे, शेवटचा बेरजेचा ताळा. "उजवीकडे फिर" हा एक हुकूम आणि "थांब" हा वेगळा हुकूम. पत्ता १ असेल तर थांबण्याचा हुकूम असा: एफएफ, ०१, ००, ००, ००, ००, ०१. जॉयस्टिक सोडली की हा जातो. तुमच्या तारेत गोंगाट असेल आणि नेमका हाच हुकूम मेला, ताळा जुळला नाही, तर कॅमेरा तो फेकून देतो आणि फिरतच राहतो. काही कॅमेरे काही सेकंदांनी आपणहून थांबतात, तुमचा तसला दिसत नाही. २४०० बॉडच्या (सेकंदाला २४०० बिटांच्या) वेगाने हा सात बाइटांचा हुकूम जायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. चित्राच्या मानाने ओंजळभर डेटा, पण चित्रात एक फ्रेम गळली तर कोणाला पत्ता लागत नाही, हुकमातला एक बिट गळला तर वॉचमनला वीज काढावी लागते.

ती दोन तारांची जोडी म्हणजे आरएस-४८५. कागदावर १२०० मीटर चालते, शेवटच्या टोकाला १२० ओहमचा रोध असेल आणि मध्ये फाटे फोडले नसतील तर. तुमच्या २६० मीटरमध्ये कोणीतरी फाटा फोडला असणार.

अवांतर: १९६६ साली चार्ल्स काओ यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध झाली, किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली क्षय (वाटेतली प्रकाशाची गळती) आला, तर संदेश काचेतून पाठवता येतील. तेव्हाची काच त्याच्या आसपासही नव्हती. १९७० मध्ये कॉर्निंगने ती हद्द ओलांडली. आज १५५० नॅनोमीटरवर हा क्षय ०.२ च्या घरात आहे. काओंना नोबेल मिळालं २००९ मध्ये, तोवर आपल्या वाळूजला फायबर ओढणारा कारखाना जुना झाला होता.

पेठी_पुणेकर | रविवार, दुपारी ४:४०

"फिर" आणि "थांब" हे वेगळे हुकूम. आमच्या घरी पहिलाच येतो.

पॅकेटवाली | रविवार, संध्याकाळी ७:१०

जुनी_तार सर, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली. पण एका बाबतीत असहमत. २०-२५ वर्षांपूर्वीच्या तंत्राच्या कन्व्हर्टरवर आज पैसे का घालायचे? आयपी पीटीझेड घ्या. चित्र, हुकूम, वीज सगळं एका इथरनेटवर, ओएनव्हीआयएफ (कंपन्यांचं सामायिक मानक) असेल तर कोणत्याही कंपनीच्या रेकॉर्डरवरून फिरतो. नवीन घेणार असाल तर धायरीवाला, केंद्राच्या नियमाने ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी लागते, त्याचं प्रमाणपत्र मागा.

जुनी_तार | रविवार, संध्याकाळी ७:५२

पॅकेटवाली, नवीनच घ्यायचा असेल तर तुम्ही म्हणता तेच. पण आयपीवर जॉयस्टिक धरून चालत्या माणसाचा पाठलाग करून बघा. चित्र दाबायला आणि उलगडायला वेळ जातो, पाव-अर्धा सेकंद सहज. माणूस डावीकडे वळलेला तुम्हाला दिसेपर्यंत तो चौकटीबाहेर. मग तुम्ही जास्त फिरवता, मग परत मागे. वॉचमन वैतागून जॉयस्टिक ठेवून देतो. जुन्या जोडीत ही ओढाताण नाही. आणि त्यांचा कॅमेरा जिवंत आहे हो. जिवंत वस्तू भंगारात घालायला माझा हात धजत नाही, हा माझा दोष समजा.

पॅकेटवाली | रविवार, रात्री ८:०३

उशीर होतो हे मान्य. त्यात काचेचा वाटा मात्र शून्य, किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. हल्लीचे चांगले कॅमेरे पाव सेकंदाच्या आत येतात. दोष वगैरे काही नाही सर, आपण दोघं वेगवेगळ्या काळातून बघतोय इतकंच.

खजिनदार | रविवार, रात्री ९:३०

नमस्कार. मीच तो. धायरीवाला, कोटेशन मी बघितलेलं आहे, लपवण्यात अर्थ नाही.

दोन प्रश्न. (१) आमच्याकडे घरोघरी इंटरनेट देणारी जी कंपनी आहे तिचा माणूस म्हणतो की त्यांचं फायबर आधीच सगळ्या इमारतींत आहे, त्यावरच कॅमेरे घ्या, खणायची गरज नाही. (२) सभासदांची मागणी ३० दिवसांच्या रेकॉर्डिंगची आहे. आत्ता ९ दिवसांचं मिळतं. फायबरने ते वाढेल का?

पॅकेटवाली | रविवार, रात्री १०:१५

दुसऱ्याचं आधी: नाही. ४ मेगाबिटच्या एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ जीबी. ३८ कॅमेरे, ३० दिवस: ४९ टीबी. एच.२६५ (चित्र जास्त दाबणारी पद्धत) वापरून २ मेगाबिटवर आणलंत तर निम्मं. हा हिशेब हार्ड डिस्कचा, फायबरचा त्याच्याशी संबंध नाही.

पहिल्याचं: घरोघरीचं ते जीपॉन. त्यात एका फायबरचे काचेच्या स्प्लिटरने ३२ वगैरे फाटे करतात. खाली येणारा वेग सुमारे २.५ गिगाबिट, वर जाणारा १.२५, तोही सगळ्यांत वाटून. घरी आपण बघतो जास्त, पाठवतो कमी, म्हणून ते बरोबर आहे. कॅमेऱ्यांचं उलट असतं, सगळा डेटा वरच जातो. तरी १४ कॅमेऱ्यांचे ५६ मेगाबिट जाऊ शकतील. माझा आक्षेप वेगळा आहे. तुमच्या गेटचं चित्र दुसऱ्याच्या मालकीच्या काचेवर अवलंबून राहील. त्यांचं बिल थकलं, भांडण झालं, कंपनी विकली गेली, की गेट आंधळं.

खजिनदार | रविवार, रात्री १०:२२

भांडण आत्ताच चालू आहे. समजलं.

जोडारी | सोमवार, सकाळी ७:१५

विजेवरून आठवलं. कोथरूडला एका सोसायटीत दिवसा कॅमेरे बंद, रात्री चालू. तीन वेळा माणूस बोलावला, तो संध्याकाळी यायचा, सगळं ठीक, पैसे घेऊन जायचा. मला बोलावलं फायबर तपासायला. फायबर उत्तम. डब्याची वीज कंपाउंडच्या दिव्यांच्या लाइनीतून घेतली होती. दिव्यांना टायमर. सकाळी सहाला दिवे बंद, कॅमेरेही बंद.

वरच्या डब्याची वीज वेगळ्या लाइनीवरून घ्या आणि तिथेच छोटा यूपीएस ठेवा.

---

धायरीवाला | साधारण दीड महिन्यानंतर, गुरुवार, रात्री ११:०५

मंडळी, धागा वर काढतोय. सर्वसाधारण सभेत मंजूर झालं. १२ कोअर, सिंगल मोड, आर्मर्ड, एचडीपीई पाइपातून. वाटेत क्लबहाऊसला उतरवलं आहे. पीटीझेड जुनाच ठेवला, जुनी_तारांनी सांगितलेली कन्व्हर्टरची जोडी लावली, ऑफिसातला जुना डीव्हीआर (रेकॉर्डर) आणि जॉयस्टिक तशीच. पॅकेटवाली, रागावू नका, खजिनदारांनी "जिवंत वस्तू" हा शब्द सभेत तीनदा वापरला.

आता हाल ऐका. मागच्या गेटच्या लिंकचा दिवा लागतच नव्हता. कंत्राटदाराच्या मुलाने दोन दिवस केबलला दोष दिला. शेवटी कळलं की दोन्ही टोकांना एकाच प्रकारचं मॉड्यूल लावलंय. एका कोअरवर दोन्ही दिशा चालवायच्या तर एका टोकाला १३१० वर पाठवणारं आणि दुसऱ्याला १५५० वर पाठवणारं हवं. त्याने दोन्ही १३१० ची आणली होती. दोघेही बोलत होते, ऐकत कोणीच नव्हतं. बदलल्यावर दिवा लागला.

पण संध्याकाळी सात-आठनंतर वरच्या कॅमेऱ्यांची चित्रं तुटतात. पॉवर मीटर आणायला लावला. रीडिंग उणे १९.५ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे जितकं मोठं तितका प्रकाश कमी). मॉड्यूल पाठवतं उणे ६ वर. तो म्हणतो "लिंक आहे ना, मग ठीक आहे". ठीक आहे का?

आणि पीटीझेडचं चित्र स्वच्छ, पट्टे गायब, कौतुक करावं तेवढं थोडं. पण फिरत नाही. अजिबात.

जोडारी | शुक्रवार, सकाळी ६:५०

ठीक नाही. हिशेब करा. ४३० मीटर काचेचा क्षय १३१० वर ०.१५ डेसिबल. दोन सांधे, प्रत्येकी ०.१. दोन कनेक्टर, प्रत्येकी फार तर ०.५. सगळे मिळून दीडच्या आत. उणे ६ चे उणे साडेसात यायला हवेत. तुमचे १२ डेसिबल कुठेतरी गळतायत. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे आत्ता पोहोचतोय तो पोहोचायला हवा त्याच्या सोळाव्या हिश्श्याइतका. अशी मॉड्यूलं उणे २० च्या पुढे-मागे आंधळी होतात, तुम्ही काठावर उभे आहात. दिवसभर डबा तापतो, संध्याकाळी घसरतं.

एकच विचारतो. भिंतीवरच्या एलआययूमध्ये (फायबरची टोकं ठेवायच्या डब्यात) सांधलेल्या शेपट्या, म्हणजे पिगटेल, त्यांच्या टोकाचा रंग कोणता? आणि त्या ज्यात खुपसल्यात त्या अॅडॅप्टरचा?

धायरीवाला | शुक्रवार, सकाळी ८:२०

वर जाऊन आलो. शेपट्या हिरव्या. अॅडॅप्टर निळे. बाहेरची वायर निळी.

जोडारी | शुक्रवार, सकाळी ८:२६

सापडलं. हिरव्याचं तोंड ८ अंशात तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकात एक बसतात, कट्ट आवाजही येतो, पण काचेला काच टेकत नाही, मध्ये फट राहते. हिरव्या शेपट्या घरगुती इंटरनेटच्या कामात लागतात, पोराच्या पिशवीत त्याच होत्या. निळ्या लावून घ्या, दोन्ही टोकांना. हिरव्यात खुपसलेली निळी वायरही बदला, तिच्या तोंडाला ओरखडा आला असेल. आणि लावण्याआधी प्रत्येक तोंड पुसा, आयपीए (अल्कोहोल) आणि बिनधाग्याचा कागद. शर्टाच्या टोकाला पुसायचं नाही. ९ मायक्रॉन सांगितलं होतं, लक्षात आहे ना.

जुनी_तार | शुक्रवार, सकाळी १०:४०

फिरण्याचं मी बघतो. चित्र येतंय म्हणजे कोअर, सांधे, कन्व्हर्टर ठीक. मग उलट्या वाटेवरच्या तारा उरल्या. क्रमाने जा:

कन्व्हर्टरवर डेटाचा छोटा दिवा असतो. जॉयस्टिक हलवताना ऑफिसातल्या डब्यावर लुकलुकतो का? मग क्लबहाऊसमधल्यावर? दोन्हीकडे लुकलुकत असेल तर काचेने हुकूम पोहोचवला, दोष शेवटच्या दीड मीटर तारेत.

तिथे ए आणि बी या दोन तारा उलटसुलट करून बघा. जळणार काही नाही. या क्षेत्रातला निम्मा पगार मी या दोन तारा उलट्या करून कमावला आहे.

धायरीवाला | शुक्रवार, रात्री ९:३५

दोन्हीकडे लुकलुकतो. ए-बी उलटे केले. आता फिरतो, पण फक्त वर-खाली, तेही झटके देत.

जुनी_तार | शुक्रवार, रात्री ९:४८

मग बॉड. जॉयस्टिक ९६०० वर बोलत असेल, कॅमेरा २४०० वर ऐकत असेल, किंवा उलट. त्या गोंधळात एखादा हुकूम चुकून जुळतो. कॅमेऱ्याचा घुमट उघडा, आत छोट्या खटक्यांची पट्टी असेल, पत्ता आणि बॉड दोन्ही तिथे. झाकणाच्या आत तक्ता चिकटवलेला असतो. जुना रोध काढला असेल तर १२० ओहमचा खटकाही तिथेच असतो, तो चालू करा.

शंकासुर | शुक्रवार, रात्री १०:१०

मी रेडिओ सुचवला होता. माघार घेतो. पण नोंद असावी की आतापर्यंतचा एकही दोष काचेत निघाला नाही. मॉड्यूल, शेपटी, तार, खटका. म्हणजे फायबरच्या नावाने कोटेशन आणि चुका सगळ्या त्याच जुन्या.

जोडारी | शुक्रवार, रात्री १०:१८

हेच तर मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं.

धायरीवाला | रविवार, दुपारी १२:३०

निळ्या शेपट्या लावल्या. रीडिंग उणे ७.६. कालची संध्याकाळ आणि रात्र दोन्ही बघितल्या, एकही चित्र तुटलं नाही. पोराला पॉवर मीटरचा आकडा दाखवला तेव्हा तो म्हणाला "एवढा चांगला असतो होय?" त्याचा दोष नाही, त्याला कोणी मीटर हातात दिलाच नव्हता.

पीटीझेड: कॅमेरा २४०० वर होता, जॉयस्टिक ९६०० वर. खटक्यांचा तक्ता झाकणातच होता, त्यावर पाल बसलेली. आता लोण्यासारखा फिरतो, जॉयस्टिक सोडली की जागच्या जागी थांबतो. ब विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच तक्रार केली की तो त्यांच्या स्वयंपाकघरात बघतो. खरं होतं. तिकडे वळणारच नाही अशी हद्द बांधली, काकूंना ऑफिसात बोलावून पडद्यावर दाखवली.

तीन प्रीसेट (कॅमेऱ्याने लक्षात ठेवायच्या जागा) मी लावले: मागचं गेट, पाण्याची टाकी, पार्किंग. चौथा आज सकाळी आपोआप उगवला. वॉचमनकाकांनी लावलाय. सिंहगडावरचा टॉवर, पूर्ण झूम. पहाटे धुकं उतरलं की बघतात म्हणे.

पेठी_पुणेकर | रविवार, दुपारी १२:४१

चौथ्या प्रीसेटला हात लावाल तर खबरदार.

जोडारी | रविवार, दुपारी १:०५

एलआययूच्या दाराच्या आतून आजची तारीख, कोणता कोअर कुठे, आणि ते उणे ७.६ लिहून ठेवा. मार्करने, पेन्सिलीने नको. पुढच्या पावसाळ्यानंतर परत मोजा आणि इथे टाका.